वाचनालयानं नुसता हॉल देऊन गप्प बसू नये

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मधे आपल्या पेपरच्या जिल्हा पानावर वाचनालयं ओस पडत चालल्याची बातमी आली होती, फोटोत रिकाम्या खुर्च्या आणि कोपऱ्यात एक आजोबा पेपर वाचताना. बातमी खोटी नव्हती पण अर्धीच होती असं मला वाटतं म्हणून हे पत्र लिहितोय. मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीवर बरीच वर्षं आहे, त्याआधी नुसता सभासद होतो, आणि मला या विषयात एकच गोष्ट मांडायचीय. वाचनालयांनी गावातल्या दुसऱ्या संस्थांबरोबर मिळून कार्यक्रम केले पाहिजेत, आणि मिळून म्हणजे खरंच मिळून, विषय दोघांनी ठरवायचा, पैसे दोघांनी घालायचे, माणसं दोघांची.

आत्ता काय चालतं ते सांगतो. महिला मंडळाला, ज्येष्ठ नागरिक संघाला किंवा एखाद्या पतसंस्थेला हॉल पाहिजे असतो, ते अर्ज देतात, आपण नाममात्र भाडं घेतो किंवा घेतही नाही, शिपाई जाऊन कुलूप काढतो, कार्यक्रम होतो, फ्लेक्सच्या खालच्या कोपऱ्यात आपलं नाव बारीक अक्षरात असतं आणि संध्याकाळी किल्ली परत येते. शंभर-सव्वाशे बायका वाचनालयाच्या इमारतीत तीन तास बसून गेल्या, चहा पिऊन गेल्या, आणि त्यातली एकही कपाटापर्यंत आली नाही, कुणी तिला या म्हटलंच नाही. हे मला फार लागतं. ओस पडलं म्हणून रडायचं आणि माणसं दारात आली की त्यांना फक्त खुर्च्या मोजून द्यायच्या, हे कसं चालेल?

यावर आमच्यातलेच काही जुने लोक म्हणतात की पुस्तक देणं-घेणं हे वाचनालयाचं काम, बाकीचे उद्योग मंडळांनी करावेत. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, त्यांनी पदरमोड करून संस्था जगवल्यात. पण आपल्याकडची जुनी वाचनालयं कधीच नुसती पुस्तकं देणारी नव्हती हो. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. ही गावात चार माणसं एकत्र बसून बोलायची जागा म्हणून वाढली, व्याख्यानं, सभा, सत्कार, वादविवाद सगळं तिथंच. नाशिकच्या सावानाकडे, म्हणजे त्याच सार्वजनिक वाचनालयाकडे तर स्वतःचं नाट्यगृह आहे. वाचनालयाला नाट्यगृह कशाला असा प्रश्न त्या लोकांना पडला नाही, आपल्यालाच तो आता पडायला लागलाय.

आणि लांब कशाला, चिपळूणचं उदाहरण बघा. २०१३ च्या जानेवारीत ८६ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन चिपळूणला झालं त्याचं यजमानपद तिथल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराकडे होतं. १८६४ सालची संस्था, २००५ च्या पुरात पुस्तकं भिजलेली, त्यानंतर साडेसात वर्षांनी तिनं एवढं मोठं संमेलन अंगावर घेतलं. संमेलन म्हणजे काय असतं ते ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना माहितीय, मांडव, निवास, जेवणावळी, ग्रंथदिंडी, पुस्तकांचे गाळे, पार्किंग, शाळांची मुलं, हे एकट्या वाचनालयाच्या कर्मचाऱ्यांनी होतच नाही, अख्खं गाव बरोबर लागतं. नंतर २०२१ च्या जुलैत परत पूर आला, परत वाचनालयात पाणी शिरलं आणि परत लोक धावले. गावातल्या लोकांनी ज्या संस्थेबरोबर काम केलेलं असतं तिच्यासाठीच ते चिखलात उतरतात असं माझं स्पष्ट मत आहे.

आता आमच्याकडचा एक अनुभव जरा सविस्तर सांगतो कारण नुसतं करा करा म्हणून काही होत नाही. एका बचत गटाच्या बायकांनी वार्षिक सभेसाठी हॉल मागितला होता. आमच्या ग्रंथपाल ताईंनी अर्ज घेतला आणि त्यांच्या अध्यक्ष बाईंना विचारलं की सभा झाल्यावर तासभर अजून थांबणार असाल तर आपण दोघी मिळून काहीतरी ठेवू, तुमच्या बायकांना सध्या कशाची अडचण आहे? त्या पटकन म्हणाल्या, सातबारा वाचता येत नाही. घरात कागद असतो, नवरा किंवा मुलगा दाखवतो तेव्हा बघायचा, त्यात काय लिहिलंय कळत नाही, आणि विचारलं तर तुला काय करायचंय म्हणतात. ताईंना लगेच आठवलं की आपल्याकडे रोज सकाळी पेपर वाचायला येणारे एक काका रिटायर्ड तलाठी आहेत. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. वाचनालयाच्या सभासद रजिस्टरमधे गावातली निम्मी जाणकार माणसं सापडतात, निवृत्त शिक्षक, नर्स, वायरमन, बँकेतले, कोर्टातले, शेती खात्यातले, आणि आपण त्यांच्याकडे फक्त वर्गणी थकलीय का एवढंच बघतो.

ठरलं असं की बायकांनी आपापला उतारा घेऊन यायचा, ज्यांच्याकडे नाही त्यांचा मोबाइलवरून काढून द्यायचा, डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत निघतो, ते पैसे गटानं भरले. झेरॉक्स वाचनालयानं दिल्या. चहा-पोहे गटाचे. माइक आमचा. काकांनी भिंतीवर एक मोठा उतारा लावला आणि पट्टी घेऊन एकेक रकाना सांगायला सुरुवात केली, हा गाव नमुना सात म्हणजे जमीन कुणाच्या नावावर आहे, हा बारा म्हणजे त्यात पीक काय, हा खाते नंबर, हे क्षेत्र, हा फेरफार म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदीचा नंबर, कंस केलेलं नाव म्हणजे ते आता गेलं, आणि हे उजवीकडे इतर हक्क, इथं नीट बघा. सगळ्या बायका मांडीवर कागद घेऊन बोट फिरवत होत्या. एक मावशी, पन्नाशीच्या असतील, मधेच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या माझ्यात सोसायटीचा बोजा दिसतोय, पण ते कर्ज तर आम्ही कधीच फेडलंय. काकांनी त्यांचा कागद हातात घेतला, बघितलं, आणि सांगितलं की कर्ज फिटलं तरी कुणी अर्ज केल्याशिवाय बोजा आपोआप निघत नाही, सोसायटीचा बेबाकी दाखला, म्हणजे काही देणं राहिलं नाही असा दाखला घ्या आणि तलाठ्याकडे अर्ज द्या. हे ऐकल्यावर अजून तीन-चार जणी आपापला इतर हक्काचा रकाना परत बघायला लागल्या. मग वारस नोंदीचा विषय निघाला, मग हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाएवढाच हक्क आहे हा विषय निघाला आणि हॉलमधे एकदम गलका झाला, कारण तिथं बसलेल्या बऱ्याच जणींनी भावाला हक्कसोड करून दिलेलं होतं. तास ठरला होता, अडीच तास झाले.

आणि आता वाचनालयानं काय केलं ते. ताईंनी आधीच कपाटातून जमिनीच्या कायद्याची सोप्या मराठीतली पुस्तकं, वारसा हक्कावरच्या पुस्तिका, बायकांच्या कायद्यांवरची पुस्तकं काढून दाराजवळच्या टेबलावर मांडून ठेवली होती, शेजारी रजिस्टर आणि पेन. बाहेर पडताना प्रत्येकीला ते टेबल ओलांडूनच जावं लागत होतं. सभासद नसलं तरी त्या दिवशी गटाच्या जबाबदारीवर पुस्तक न्या असं सांगितलं होतं आणि अध्यक्ष बाईंनी त्याखाली सही केली होती. टेबल रिकामं झालं. पुढे गटानं स्वतःच्या नावानं अनामत भरून गट म्हणून सभासदत्व घेतलं आणि आता एका बाईंच्या घरी पुस्तकांची पेटी असते, ती बदलून जाते. त्यातली सगळी पुस्तकं वेळेवर परत येतात असं नाही, काही अडकतात, काहींची पानं सुटतात, पण कपाटात कोरी राहून पिवळी पडण्यापेक्षा ते बरं. पेटीची कल्पना आमची नाही हे सांगायला पाहिजे, नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं २००९ पासून ग्रंथ तुमच्या दारी या उपक्रमात अशाच पेट्या देशभर आणि परदेशातल्या मराठी माणसांपर्यंत नेल्यात. आम्ही ती तालुक्याच्या मापात करून घेतली एवढंच.

ह्या कार्यक्रमात बचत गट नसता तर आम्ही सातबारा वाचन असं पोस्टर लावलं असतं आणि आमचेच नेहमीचे दहा-बारा सभासद आले असते. आणि वाचनालय नसतं तर बायकांची सभा होऊन त्या घरी गेल्या असत्या. दोघांपैकी कुणालाही हे एकट्याला जमलं नसतं म्हणूनच मिळून करायचं, उगीच फ्लेक्सवर दोन नावं छापायची म्हणून नाही.

दुसरी गोष्ट जयंतीची. १४ एप्रिलला डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंतीला सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम महाराष्ट्रात ठिकठिकाणी होतो, कॉलेजात, विहारात, अभ्यासिकेत. आमच्याकडे जयंती समितीच्या पोरांनी विचारलं की विहारात जागा पुरत नाही, वाचनालय अठरा तास उघडं ठेवाल का, सकाळी सहा ते रात्री बारा. तेव्हा आमच्या मिटिंगमधे एकानं म्हटलं जयंतीचा कार्यक्रम वाचनालयात कशाला. हे बोलणं कुठून येतं ते मला कळत होतं आणि मला त्याची लाज वाटली. ज्या माणसानं पुस्तकं ठेवायला म्हणून दादरला राजगृह बांधलं त्याच्या जयंतीला वाचनालय बंद ठेवायचं आणि पोरांनी रस्त्यावर बसून अभ्यास करायचा? मी तसं तिथंच बोललो. शेवटी ठराव झाला आणि कार्यक्रम समिती आणि वाचनालय दोघांचा म्हणून झाला. समितीनं चहा, केळी, रात्रीची खिचडी बघितली, मुलींना रात्री घरी सोडायला आपल्यातली माणसं ठेवली. आम्ही जागा, लाइट, पंखे, संदर्भ विभाग पूर्ण खुला आणि दोन कर्मचारी पाळीपाळीनं. गावातल्या सगळ्या आळ्यांतली एमपीएससीची, पोलीस भरतीची, दहावी-बारावीची पोरं आली, एका बाकावर बसली. पुष्पहारांऐवजी एक वही एक पेन आणा असं सांगितलं होतं त्या वह्या नंतर जिल्हा परिषदेच्या शाळेत गेल्या. त्या वर्षापासून विहाराकडून येणाऱ्या मुलांना वाचनालयाचं दार परकं वाटत नाही, आधी ती पायरीवर घुटमळायची. एवढ्यासाठी सुद्धा हे केलं पाहिजे.

पण सगळंच गोड सांगून उपयोग नाही, यात धोकाही आहे. एकदा एका संस्थेनं येऊन सांगितलं की विद्यार्थ्यांसाठी मोफत स्पर्धा परीक्षा मार्गदर्शन ठेवू, वाचनालयाचं नाव बरोबर असू द्या. आम्ही दिलं. खेड्यापाड्यातून मुलं आली, एसटीचं भाडं खर्चून आली, आणि समजलं की हे एका खासगी क्लासचं जाहिरात शिबिर आहे, अर्धा तास बोलून झाल्यावर फीची पत्रकं वाटली, आजच नाव नोंदवा, सवलत आहे वगैरे. मुलं आमच्याकडे बघत होती. वाचनालयाच्या नावावर भरवसा ठेवून ती आली होती आणि त्या भरवशाचा कुणीतरी बाजार मांडला. आरोग्य शिबिराच्या नावानं पावडरी आणि पट्टे विकणारे असतात, बचतीच्या नावानं पॉलिसी विकणारे असतात, आणि निवडणूक जवळ आली की सगळ्याच मंडळांना अचानक वाचन संस्कृतीची काळजी वाटायला लागते, फ्लेक्सवर नेत्याचा फोटो हातभर आणि पुस्तकाचं चित्र बोटभर.

म्हणून आम्ही आता एक साधा कागद करतो. एका पानाचा, दोन्ही संस्थांच्या सह्यांचा. विषय कुणी ठरवला, वक्ता कोण आणि तो काही विकायला तर येत नाही ना, खर्च कोण कशाचा करणार, फ्लेक्सवर कुणाचा फोटो नाही, फक्त संस्थांची नावं सारख्या अक्षरात, आलेल्या लोकांचे मोबाइल नंबर कुणालाही द्यायचे नाहीत, आणि कार्यक्रमानंतर वाचनालयाच्या टेबलाला अर्धा तास राखीव. शेवटची अट आम्ही कधीच सोडत नाही. ज्यांना हा कागद जाचक वाटतो ते स्वतःच मागे सरतात आणि ते बरंच आहे. खरं काम करणाऱ्या मंडळांना त्यात काहीच अडचण वाटत नाही उलट त्यांना बरं वाटतं की कुणीतरी आपल्याला बरोबरीनं वागवतंय.

पैशाबद्दल लिहितो कारण शेवटी गाडी तिथं येते. आपला महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्यात ग्रंथालय कर नाही. तमिळनाडूत, कर्नाटकात घरपट्टीबरोबर ग्रंथालयासाठी थोडी रक्कम वसूल होते तसं आपल्याकडे नाही, आपल्याकडे गावच्या संस्थेनं वाचनालय चालवायचं आणि सरकारनं अ ब क ड वर्गाप्रमाणे अनुदान द्यायचं. ड म्हणजे सगळ्यात खालच्या वर्गाच्या वाचनालयाला कित्येक वर्षं वर्षाचे ३० हजार मिळायचे, २०२२ मधे ६० टक्के वाढीचा निर्णय झाला म्हणजे ४८ हजार, म्हणजे महिन्याला चार हजार. त्यात ग्रंथपालाचं मानधन, पेपर, मासिकं, पुस्तकं, लाइटबिल. अशा ठिकाणी व्याख्यात्याला नारळ-शाल द्यायची तरी सेक्रेटरी स्वतःच्या खिशात हात घालतात. अनुदान हप्त्यानं येतं आणि कधी येईल याचा भरवसा नसतो. तेव्हा छोट्या वाचनालयानं एकट्यानं कार्यक्रम करणं शक्यच नसतं, पण गावात भजनी मंडळाकडे पेटी-तबला आणि सतरंज्या आहेत, गणेश मंडळाकडे माइक आणि उत्साही पोरं आहेत, ज्येष्ठ नागरिक संघाकडे वेळ आहे, शाळेकडे मुलं आहेत. सगळ्यांकडे काही ना काही आहे.

मात्र यावरून सरकारनं असा अर्थ काढू नये की चला, गावकरी करतायत, मग आपण द्यायची गरज नाही. ही भीती खरी आहे म्हणून आधीच लिहितो. कार्यकर्त्यांच्या जोरावर ग्रंथपालाचं पोट भरत नाही. ज्या ताईंनी सातबाऱ्याचा कार्यक्रम घडवून आणला त्यांच्या हातात महिन्याला जे पडतं ते सांगायला मला संकोच वाटतो, त्यांच्याएवढं शिकलेलं माणूस दुसरीकडे त्यापेक्षा किती तरी जास्त कमावतं. त्या अजून आमच्याकडे आहेत हे आमचं भाग्य, पण भाग्यावर किती दिवस संस्था चालवायची?

माझी ग्रंथालय संचालनालयाला विनंती अशी आहे. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून राज्यांबरोबर समान निधीची योजना चालवतं, राज्यानं आपला वाटा घातला की त्यांचा वाटा पडतो. हेच तत्त्व गावपातळीवर आणा. गावातल्या नोंदणीकृत संस्थेनं आणि वाचनालयानं मिळून एखाद्या कार्यक्रमासाठी पाच हजार जमवले तर शासनानं पाच हजार घालावेत, पावत्या आणि हजेरी दाखवल्यावर द्या हवं तर, पण द्या. रक्कम लहान आहे पण त्यामुळे दोन संस्था एका टेबलाशी बसतील. जिल्हा ग्रंथोत्सवात दोन दिवस मोठा मांडव घालून परिसंवाद होतात ते चांगलंच आहे, मी स्वतः जातो, पण गावातली बाई जिल्ह्याच्या ठिकाणी परिसंवादाला येत नाही, तिच्याकडे आपल्यालाच जायला लागतं.

आणि तपासणीचं. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडून तपासणी होते तेव्हा ग्रंथसंख्या, नियतकालिकं, सभासद, उघडं ठेवायच्या वेळा, हिशोब हे सगळं बघितलं जातं आणि बघायलाच पाहिजे. २०१२ साली महसूल खात्याकडून राज्यभर वाचनालयांची पडताळणी झाली, त्यात कागदावरची वाचनालयं उघडी पडली, ते योग्यच झालं. पण त्यानंतर दर्जावाढ बराच काळ अडकून पडली आणि चांगल्या संस्थांच्या कार्यकारिण्याही घाबरून गेल्या, रजिस्टर नीट ठेवलं की आपलं काम झालं अशी वृत्ती आली. नवीन काही करायचं म्हटलं की पहिला प्रश्न ऑडिटला चालेल का. तेव्हा तपासणीत एक रकाना असा असू द्या की वर्षभरात गावातल्या कुठल्या कुठल्या संस्थांबरोबर काय काय केलं आणि त्यातून नवे वाचक किती आले, आणि दर्जा ठरवताना त्याला खरोखर वजन द्या. फोटो-कात्रणांच्या फाइलवर जाऊ नका, त्या बचत गटाच्या अध्यक्ष बाईंना एक फोन लावा, कळेल.

केरळात हे फार आधीपासून आहे. पी. एन. पणिक्कर यांनी १९४५ मधे गावोगावच्या वाचनालयांचा संघ बांधला आणि तिथं वाचनालयातच मुलांचं मंडळ, बायकांचं मंडळ, कला मंडळ असतं, १९ जून हा त्यांच्या स्मृतीचा वाचन दिन म्हणून साजरा होतो. आपल्याकडे १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो पण बहुतेक ठिकाणी तो शाळा वेगळा करते, वाचनालय वेगळा करतं, कॉलेज वेगळा करतं, तिघांच्या भिंती एकमेकांना लागून असल्या तरी. आपल्याच जिल्ह्यात भिलार आहे, २०१७ पासून पुस्तकांचं गाव. तिथं लोकांनी आपल्या राहत्या घरातल्या खोल्या पुस्तकांना दिल्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला आत घेतलं. सरकारची योजना होती हे खरं, पण घराचं दार उघडायला माणूसच लागला. स्ट्रॉबेरीच्या गावाला जे जमलं ते तालुक्याच्या वाचनालयाला का जमू नये.

मंडळांनाही दोन शब्द सांगायचेत. गणेश मंडळं, महिला मंडळं, ज्येष्ठ नागरिक संघ, पतसंस्था, डॉक्टरांच्या संघटना, सर्पमित्र, ट्रेकिंगवाले, नाट्यवेडी पोरं, सगळ्यांना. वाचनालयाकडे हॉल मागायला येता ना, तर पुढच्या वेळी अर्जात एक ओळ वाढवा की आम्हाला तुमच्याबरोबर कार्यक्रम करायचाय. महिनाभर आधी या, आदल्या दिवशी नको. ग्रंथपालांना विषय सांगा, त्यावर आपल्याकडे काय आहे ते त्यांना शोधायला वेळ मिळू द्या. ज्येष्ठ नागरिक संघांनी तर दिवाळी अंकांसाठी यावंच. दिवाळी अंक आता महाग झालेत, एकट्या पेन्शनरला चार-पाच घेणंही जड जातं, आणि वाचनालयाकडे मोठी थप्पी येते. संघानं वाचकांच्या जोड्या लावून द्याव्यात, ज्यांची नजर गेलीय त्यांच्या घरी जाऊन कुणीतरी तासभर वाचून दाखवावं, अंक आमचे, आवाज तुमचा. आमच्याकडे दोन घरी हे सुरू आहे आणि त्या दोन घरांत त्या दिवसाची वाट बघतात.

पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही सर्पमित्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्राबरोबर सर्पदंशाचा कार्यक्रम ठरवतोय. आपल्या भागात भात लावणीच्या, भुईमूग काढणीच्या दिवसात साप चावतात आणि अजून लोक आधी मांत्रिकाकडे नेतात, तासन् तास जातात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार विषारी आणि बाकीचे बहुतेक बिनविषारी, ते ओळखायचे कसे हे सर्पमित्र चित्रं दाखवून सांगतील, चावल्यावर जखम कापायची नाही, चोखायची नाही, करकचून बांधायचं नाही, हलवायचं कमी आणि सरळ दवाखान्यात न्यायचं हे डॉक्टर सांगतील, सापाच्या विषावरची लस कुठल्या दवाखान्यात असते तो फोन नंबरसकट कागद वाचनालय छापून देणार, आणि सापांवरची पुस्तकं टेबलावर. शाळेचे सर मुलांना घेऊन यायला तयार आहेत. फक्त कार्यक्रम आमच्या हॉलमधे घ्यायचा की वाडीवरच्या देवळात यावर चर्चा चालू आहे, माझं मत देवळात, कारण ज्यांना साप चावतो ते तिथं राहतात.

संपादक महाशय, आपल्या जिल्हा पानावर आठवड्यातून एकदा अशा मिळून केलेल्या छोट्या कार्यक्रमांना जागा द्या एवढी विनंती. नेत्याच्या हस्ते उद्घाटनाचा फोटो नको, काय केलं, कुणाबरोबर केलं, खर्च किती आला आणि काय अडलं एवढंच. म्हणजे माणच्या वाचनालयाला पाटणच्या वाचनालयानं काय केलं ते कळेल आणि दोघांना सुरुवात शून्यापासून करावी लागणार नाही. पहिली चार-पाच टिपणं आम्ही गोळा करून पाठवू.

आपला,
एका तालुका वाचनालयाचा कार्यकारिणी सदस्य,
जि. सातारा